हार्डवेअर व्हिडिओ डीकोडिंग चालू ठेवावे की बंद? आपल्याच संगणकावर तपासून ठरवण्याची पद्धत

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन’ आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सेलरेटेड डीकोडिंग’ या नावाचा एक पर्याय असतो. व्हिडिओ अडखळू लागला की कोणी तो चालू करायला सांगतो, तर कोणी बंद करायला. दोघांचेही म्हणणे कुठल्या ना कुठल्या संगणकावर खरे ठरलेले असते, म्हणून नवख्या माणसाचा गोंधळ अधिकच वाढतो. सर्वसाधारण उत्तर सरळ आहे: पर्याय चालू ठेवावा. मात्र तो चालू ठेवला म्हणजे हार्डवेअर कामाला लागलेच असे समजू नये. समोरचा व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलेला आहे, ती पद्धत आपल्या संगणकातील चिपला उलगडता येत असेल तरच या पर्यायाला अर्थ आहे. येत नसेल तर बटण चालू असो वा बंद, सगळा भार प्रोसेसरवरच पडतो.

खानदेशात हा प्रश्न वारंवार निघतो, कारण जळगाव-धुळ्याच्या बाजारात मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले डेस्कटॉप पुष्कळ विकले जातात आणि घरी, शिकवणीवर्गात, ग्रामपंचायतीच्या शेजारच्या सेवा केंद्रात तेच दिसतात. ही यंत्रे दणकट असतात, परंतु त्यांतील प्रोसेसर बहुधा तिसऱ्या ते सहाव्या पिढीचे असतात आणि आजचे व्हिडिओ पुष्कळदा त्यांना न येणाऱ्या पद्धतींनी दाबलेले असतात. पुढील पायऱ्या मुख्यतः अशा संगणकांसाठी लिहिल्या आहेत, पण नव्या लॅपटॉपलाही त्या तशाच लागू पडतात.

आधी काम काय चालते ते समजून घ्यावे

फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला ६ कोटी २२ लाख ठिपके तयार करावे लागतात. हे चित्र न दाबता साठवायचे म्हटले, तर नेहमीच्या ८-बिट रंगपद्धतीतसुद्धा एका तासाला सुमारे ३३६ जीबी जागा लागेल. तेवढी जागाही नाही आणि तेवढे इंटरनेटही नाही, म्हणून व्हिडिओ दाबला जातो. मागच्या फ्रेममध्ये जे होते त्यातले पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले, एवढीच नोंद ठेवायची आणि उरलेला फरक गणिताने लहान करायचा, असे या युक्तीचे स्थूल रूप आहे. पाहताना हेच गणित उलट्या दिशेने सोडवावे लागते आणि त्यालाच डीकोडिंग म्हणतात. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे, चित्र सेकंदाला ६० फ्रेमचे असेल, तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपक्यांचा हिशेब पुरा करावा लागतो.

हे काम दोन ठिकाणी होऊ शकते. पहिले ठिकाण म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. तो कोणतेही गणित करू शकतो, म्हणून त्याला कोणतीही पद्धत शिकवता येते. मात्र वीज जास्त जाते आणि यंत्र तापते. दुसरे ठिकाण म्हणजे ग्राफिक्सच्या चिपमध्ये केवळ व्हिडिओसाठी कोरून ठेवलेला लहानसा भाग. आपल्याकडच्या जिनिंगमधले यंत्र कापसातून सरकी झपाट्याने वेगळी करते, पण त्यात भुईमूग टाकला तर शेंगा फुटत नाहीत. या भागाचेही तसेच आहे. ज्या पद्धती त्याच्या घडणीत घातल्या आहेत त्या तो अत्यल्प विजेत उलगडतो, आणि नंतर निघालेली पद्धत त्याला सॉफ्टवेअर अद्ययावत करूनही सहसा शिकवता येत नाही.

या पद्धतींना कोडेक म्हणतात. नवख्या माणसाला चार नावे पुरतात. एच.२६४ हे २००३ मधले मानक असून ते आजही सर्वत्र चालते. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हे २०१३ मधले; हल्लीचे मोबाइल आणि कॅमेरे यात चित्रीकरण करतात. व्हीपी९ हा गूगलचा कोडेकही त्याच वर्षाचा आणि यूट्यूबवर त्याचा भरपूर वापर होतो. एव्ही१ हा २०१८ मध्ये आला आणि तोही यूट्यूबवर वाढत्या प्रमाणात दिसतो. पुढची सगळी तपासणी या चार नावांभोवतीच फिरते.

पहिली पायरी: आपल्या चिपला कोणते कोडेक येतात

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ या ओळीखाली कोणते नाव आहे ते पाहावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे लिहिलेले आढळले, तर पुढचे काही वाचण्याआधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप वापरू देणारे सॉफ्टवेअर, बसवावा. विंडोज नव्याने टाकून देताना हा ड्रायव्हर राहून गेलेले संगणक मी वरचेवर पाहतो. चित्र दिसते, कामही चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण अशा स्थितीत हार्डवेअर डीकोडिंग मुळीच होत नाही. ड्रायव्हर शक्यतो संगणकाच्या कंपनीच्या किंवा इंटेल, एएमडी, एन्व्हिडिया यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर प्रोसेसरची पिढी पाहावी. इंटेलने २०११ मधील दुसऱ्या पिढीपासून ‘क्विक सिंक’ या नावाने व्हिडिओसाठी वेगळा भाग द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून एच.२६४ नीट चालते. एचईव्हीसी पुरतेपणी उलगडणारी चिप २०१५ मधील सहाव्या पिढीत आली, तीही ८-बिट चित्रापुरती. १०-बिट (म्हणजे रंगांच्या अधिक छटा साठवणारे) एचईव्हीसी आणि व्हीपी९ सातव्या पिढीपासून व्यवस्थित चालू लागले. एव्ही१ साठी अकरावी पिढी लागते. पिढी ओळखणे सोपे आहे: आय५-४५७० यात जोडरेघेनंतरचा पहिला अंक ४, म्हणजे चौथी पिढी, आय५-११४०० यात पहिले दोन अंक ११, म्हणजे अकरावी. आकड्यानंतर ‘एफ’ हे अक्षर असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते, आणि मग वेगळ्या कार्डावर काय आहे तेवढेच विचारात घ्यावे.

एएमडीच्या बाजूला, २०१८ मध्ये आलेल्या ग्राफिक्ससह रायझन प्रोसेसरांपासून एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे तिन्ही चालतात. एव्ही१ मात्र लॅपटॉपच्या ६००० मालिकेपासून आणि डेस्कटॉपच्या ७००० मालिकेपासून आला. रायझन ५६००जी हा लोकप्रिय प्रोसेसर एव्ही१ उलगडत नाही.

ग्राफिक्स कार्डाबाबत एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ अडकतो अशी तक्रार केली की दुकानात हमखास एन्व्हिडियाचे जीटी ७१० हे कार्ड पुढे केले जाते. हे कार्ड एच.२६४ उलगडते, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ यांपैकी काहीही उलगडत नाही. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर एच.२६४ स्वतःच करतो. म्हणजे पैसे गेले आणि अडचण होती तिथेच राहिली. त्याच्या पुढचे जीटी १०३० हे कार्ड मात्र एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही उलगडते, त्यामुळे जुन्या यंत्रात कार्ड घालायचेच असेल तर ते तरी घालावे. एव्ही१ साठी एन्व्हिडियात आरटीएक्स ३० मालिका किंवा त्यापुढची लागते. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल त्या कार्डाला जोडावी. ती मदरबोर्डलाच राहिली, तर बहुतेक वेळा ब्राउझर जुन्याच ग्राफिक्सवर चालत राहतो.

पिढ्यांचा हा हिशेब डोक्यात ठेवायचा नसेल तर ब्राउझरलाच विचारता येते. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत क्रोम, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेषा आणि जीपीयू असे टंकून एंटर करावे. जे पान उघडते त्यात वरच्या यादीत ‘व्हिडिओ डीकोड’ या ओळीपुढे ‘हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेटेड’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असावे आणि खाली ‘व्हिडिओ अ‍ॅक्सेलरेशन इन्फर्मेशन’ या भागात चिप कोणते कोडेक घेते त्यांची यादी असते. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘सपोर्ट’ असे टंकल्यावर ‘मीडिया’ या भागात एक तक्ता दिसतो, ज्यात प्रत्येक कोडेकपुढे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर असे दोन रकाने असतात. नवख्यांना मी फायरफॉक्सचा तक्ता आधी पाहायला सांगतो. त्यात अर्थ लावण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी पायरी: समोरचा व्हिडिओ कोणत्या कोडेकचा

यूट्यूबवर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडावे. कोपऱ्यात एक काळसर चौकट येते. तिच्यातील ‘कोडेक्स’ या ओळीची सुरुवात पाहावी: एव्हीसी१ असेल तर तो एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९ आणि एव्ही०१ असेल तर एव्ही१. त्याच चौकटीत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ची संख्या असते, म्हणजे वेळेत तयार न झाल्यामुळे गाळल्या गेलेल्या फ्रेम.

ही चौकट आणखी एक मोठा घोळ मिटवते. व्हिडिओ थांबतो आणि मध्यभागी गोल फिरू लागते, तेव्हा अडचण इंटरनेटची असते. चौकटीतील ‘बफर हेल्थ’चे सेकंद शून्याकडे घसरलेले दिसतात. आवाज न थांबता चालू आहे, पण चित्र मात्र धक्के खात पुढे जाते आणि गाळलेल्या फ्रेमची संख्या वाढते, तेव्हा अडचण डीकोडिंगची असते. साक्री-नवापूरच्या बाजूला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वर्ग चालवणारे शिक्षक पहिल्या प्रकारच्या अडचणीसाठी दुसऱ्या प्रकारचा उपाय करताना आढळतात. नेट मंद असेल तर हार्डवेअर डीकोडिंग त्यात काडीची मदत करणार नाही. तेथे व्हिडिओचा दर्जा ४८० किंवा ३६० वर आणणे हाच उपाय.

संगणकातल्या किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइलसाठी ती व्हीएलसीत उघडून कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबावीत. कोडेकचे नाव, रिझोल्यूशन आणि फ्रेमचा वेग तिथे दिसतो. मोबाइलमधले चित्रण विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये उघडले आणि चित्राऐवजी एचईव्हीसीचे एक्सटेन्शन (वरून जोडायचे लहान सॉफ्टवेअर) विकत घेण्याची सूचना आली, तर तो संगणकाचा दोष समजू नये. त्या प्लेअरला परवाना लागतो इतकेच. व्हीएलसी तीच फाइल काहीही न विचारता उघडते.

तिसरी पायरी: मोजून पाहावे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावे, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डावीकडे ‘जीपीयू’, म्हणजे ग्राफिक्सची चिप, निवडावे. इंटेलच्या ग्राफिक्सवर ‘व्हिडिओ डीकोड’ असा वेगळा आलेख दिसतो. काही कार्डांवर त्याचे नाव ‘व्हिडिओ कोडेक’ असते. विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून ही सोय आहे. जुना ड्रायव्हर असलेल्या तिसऱ्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या यंत्रांवर जीपीयूची ओळच दिसत नाही, तेव्हा केवळ प्रोसेसरच्या टक्क्यांवरून अंदाज घ्यावा.

मोजताना बाकीचे टॅब बंद करावेत, एकच व्हिडिओ आणि त्याचा एकच तुकडा निवडावा, दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता १०८० वर पक्का करावा आणि सुरुवातीचा अर्धा मिनिट सोडून मग आकडे पाहावेत, कारण पान उघडताना प्रोसेसर तसाही धावतोच. नंतर पर्याय बदलून, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडून तोच तुकडा पाहावा.

पारोळ्यातील एका शिकवणीवर्गातल्या चौथ्या पिढीच्या आय३ संगणकावर काय दिसले ते सांगतो. सेकंदाला ६० फ्रेमचे एक अहिराणी गाणे १०८० वर लावले. क्रोममधला पर्याय चालूच होता. तरीही प्रोसेसर साठ टक्क्यांच्या आसपास, ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख तळाशी आडवा पडलेला आणि नाचाच्या दृश्यात गाळलेल्या फ्रेमचा आकडा भराभर चढत होता. कोडेकच्या ओळीत व्हीपी०९. यूट्यूब व्हीपी९ पाठवत होते आणि चौथ्या पिढीच्या चिपला तो नीट उलगडता येत नाही, म्हणून सगळे ओझे प्रोसेसरच्या दोन कोअरवर आले होते. पर्याय बंद करून पाहिला. काहीच बदलले नाही, आणि बदलणारही नव्हते. मग ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ हे एक्सटेन्शन टाकले. हे एक्सटेन्शन यूट्यूबला एवढेच भासवते की या ब्राउझरला व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाहीत, तेव्हा एच.२६४ पाठवावे. पान पुन्हा उघडताच ओळीत एव्हीसी१ आले, डीकोडचा आलेख वर उचलला गेला, प्रोसेसर वीस टक्क्यांच्या खाली उतरला आणि फ्रेम गाळल्या जाणे थांबले. नवे काही विकत घ्यावे लागले नाही.

या उपायाची किंमतही आहे. यूट्यूब एच.२६४ केवळ १०८० पर्यंतच देते, त्यामुळे १४४० आणि फोरके हे पर्याय यादीतून जातात; आणि त्याच दर्जाच्या चित्रासाठी एच.२६४ ला सहसा थोडा जास्त डेटा लागतो. फुल एचडी मॉनिटर आणि दररोज मर्यादित डेटा मिळणारे मोबाइलचे पॅक, अशी जोडी असेल तर पहिली गोष्ट जाणवणार नाही, दुसरी जाणवेल. सातव्या पिढीच्या पुढच्या यंत्रावर हे एक्सटेन्शन टाकण्याचे कारण सहसा नसते.

चौथी पायरी: पर्याय कुठे असतो

क्रोममध्ये सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ या भागात ‘यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन व्हेन अ‍ॅव्हेलेबल’ हे बटण असते. एजमध्येही ‘सिस्टिम अँड परफॉर्मन्स’खाली तेच मिळते. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’ पानावर खाली ‘परफॉर्मन्स’ आहे. तेथे ‘रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज’ची खूण काढल्याशिवाय पुढचा पर्याय दिसतच नाही. व्हीएलसीत ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, मग ‘इनपुट/कोडेक्स’ असे गेल्यावर यादी उघडते. तिच्यात ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे. २०१८ मधील ३.० आवृत्तीपासून व्हीएलसी हे मूळचेच चालू ठेवते.

ब्राउझरमधील बटणाबाबत एक सावधगिरी. ते बटण व्हिडिओपुरते नसते. ते बंद केले की पान रंगवणे, सरकवणे, नकाशे आणि खेळ दाखवणे, हे सगळेच काम ग्राफिक्सकडून निघून प्रोसेसरकडे येते आणि व्हिडिओची तक्रार मिटवता मिटवता सगळा ब्राउझर जड होतो. केवळ व्हिडिओचे डीकोडिंग बंद करून पाहायचे असेल, तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत मघासारखेच, पण जीपीयूच्या जागी ‘फ्लॅग्ज’ टंकून शोधचौकटीत ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सेलरेटेड व्हिडिओ डीकोड’ शोधावे आणि तेवढेच बंद करावे. त्या पानावरच्या इतर कशालाही हात लावू नये.

बंद करण्याची खरी कारणे

चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन उमटणे, अर्धे चित्र फाटलेले दिसणे किंवा आवाज चालू असून पडदा काळा राहणे, ही ड्रायव्हर बिघडल्याची लक्षणे असतात. अशा वेळी पर्याय बंद करून पाहावा; दोष नाहीसा झाला तर निदान झाले. पण तिथेच थांबू नये. ड्रायव्हर अद्ययावत करून पर्याय पुन्हा चालू करावा, आणि दोष परत आला तरच तो कायमचा बंद ठेवावा.

दुसरे कारण खराब झालेल्या फाइलींचे आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेले तुकडे, मध्येच वीज गेल्यामुळे अपुरे राहिलेले चित्रण, मेमरी कार्डातून परत मिळवलेला लग्नाचा व्हिडिओ, अशा फाइलींत मध्ये मध्ये माहितीच नसते. सॉफ्टवेअर डीकोडर पुष्कळदा असा भाग ओलांडून पुढे जातो. हार्डवेअर तिथे गोठून बसण्याची शक्यता जास्त. अशी फाइल पाहण्यापुरते व्हीएलसीत ‘डिसेबल’ निवडावे.

तिसरे कारण शिक्षकांना उपयोगी आहे. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरने ब्राउझरची खिडकी रेकॉर्ड करताना चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन येत असेल, तर ब्राउझरमधील अ‍ॅक्सेलरेशन बंद केल्यावर तो बहुधा जातो. खिडकीऐवजी पूर्ण पडदा रेकॉर्ड करूनही हेच साधते, म्हणून आधी तो मार्ग करून पाहावा. याशिवाय जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या लग्नाच्या चित्रणात हालचालीच्या कडांना दात्यांसारख्या रेषा दिसतात. त्या घालवणारी काही फिल्टर हार्डवेअर डीकोडिंगसोबत चालत नाहीत, तेव्हा तेवढ्यापुरते ते बंद करणे योग्य.

‘हार्डवेअरने चित्राचा दर्जा उतरतो’ हे कारण मात्र पुष्कळ जण देतात आणि ते चुकीचे आहे. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ यांच्या नियमांत उलगडण्याची रीत इतकी नेमकी ठरवलेली आहे की नियमानुसार चालणारा कोणताही डीकोडर, हार्डवेअर असो की सॉफ्टवेअर, प्रत्येक ठिपका तोच देतो. रंग फिके किंवा गडद वाटत असतील तर तो फरक उलगडल्यानंतरच्या टप्प्यात पडतो: ड्रायव्हरच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये ‘एन्हान्समेंट’ नावाची रंगसुधारणा चालू असते किंवा रंगांची मर्यादा चुकीची निवडलेली असते. ती तिथेच दुरुस्त करावी. हा गैरसमज बहुधा व्हिडिओ तयार करण्याच्या, म्हणजे एन्कोडिंगच्या कामातून आला असावा. तेथे जुन्या चिपा सॉफ्टवेअरच्या तुलनेत कमी प्रतीचे चित्र देत असत, हे खरे आहे. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पाहताना हार्डवेअर आणि अंतिम प्रत काढताना सॉफ्टवेअर, अशी विभागणी पूर्णपणे रास्त आहे.

१०-बिट एच.२६४ हा प्रकार जवळपास कोणतीच जुनी चिप उलगडत नाही, पण त्यासाठी काहीही बंद करायची गरज नसते. प्लेअर आपणहून प्रोसेसरकडे वळतो.

मे महिना आणि इन्व्हर्टर

हिवाळ्यात उत्तम चालणारा संगणक उन्हाळ्यात त्याच व्हिडिओवर अडखळतो, त्याचे कारण भुसावळ-जळगावच्या हवेत आहे. प्रोसेसरवरचा पंखा त्याला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही; दिलेल्या भाराला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतो. खोलीत २५ अंश असताना तो ७० अंशांवर स्थिरावत असेल, तर खोली ४२ अंशांवर गेल्यावर तोच भार त्याला ८७ च्या आसपास नेतो. बाहेर पारा ४४-४५ ला टेकलेला असताना पत्र्याच्या खोलीत ४२ अंश ही काही विशेष गोष्ट नाही. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि मग जो व्हिडिओ कसाबसा चालत होता तो धक्के खाऊ लागतो. डीकोडिंग हार्डवेअरकडे गेले तर प्रोसेसरवरचा भारच उतरतो, म्हणून आपल्याकडे या पर्यायाचा सर्वांत मोठा लाभ एप्रिल-मे मध्ये दिसतो. पंख्यात साचलेली धूळ काढणेही तितकेच आवश्यक आहे. कूलरसमोर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ती ओलसर होऊन पात्यांना चिकटते.

विजेची बचतही होते, मात्र तिच्याबद्दल वाजवी अपेक्षा ठेवावी. लॅपटॉपच्या बॅटरीवर फरक स्पष्ट जाणवतो. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर मॉनिटर, डिस्क आणि मदरबोर्ड आपापली वीज घेतच राहतात. काही मिनिटे अधिक मिळतील, तास नव्हेत.

लिनक्सवर

विंडोज ११ अधिकृतपणे साधारणतः आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसरच स्वीकारते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकून घेणारे वाढले आहेत. तेथे व्हिडिओचे काम व्हीए-एपीआय या सोयीमार्फत चालते. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे ‘इंटेल मीडिया ड्रायव्हर’ आणि त्याआधीच्या यंत्रांना ‘आय९६५’ हा जुना ड्रायव्हर लागतो. पॅकेज मॅनेजरमधून ‘व्हीए-इन्फो’ टाकून टर्मिनलमध्ये चालवले की कोडेकांची यादी मिळते. ज्या ओळीच्या शेवटी व्हीएलडी ही अक्षरे असतात तो कोडेक चिप उलगडू शकते. ‘एन्कस्लाइस’ असेल तर ती ओळ एन्कोडिंगची समजावी. फायरफॉक्समध्ये आवृत्ती ११५ पासून इंटेल ग्राफिक्सवर ही सोय मूळचीच चालू असते, म्हणून लिनक्सवर नवख्या माणसाने क्रोमच्या खटपटीत न पडता फायरफॉक्स वापरावा.

वापरलेला संगणक घेताना

दुकानात पैसे मोजण्याआधी त्याच यंत्रावर यूट्यूब उघडावे, १०८० आणि ६० फ्रेमचा एखादा व्हिडिओ लावावा, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ आणि टास्क मॅनेजर शेजारी शेजारी ठेवून दोन मिनिटे पाहावे. आपल्या मोबाइलमधले एखादे फोरके चित्रणही पेनड्राइव्हवर सोबत न्यावे आणि ते व्हीएलसीत चालवून पाहावे. व्हिडिओ पाहणे हेच मुख्य काम असेल, तर चौथ्या पिढीचा आय७ घेण्यापेक्षा सातव्या किंवा आठव्या पिढीचा आय३ घेणे अधिक शहाणपणाचे. त्यात एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही चिपमध्येच असतात. एव्ही१ नसल्यामुळे अशा यंत्राचे अडत नाही, कारण व्हिडिओलॅन या संस्थेने इतरांच्या साहाय्याने घडवलेला ‘डेव्हिड’ हा सॉफ्टवेअर डीकोडर इतका चपळ आहे की फुल एचडीपर्यंतचे एव्ही१ चित्र ठीकठाक प्रोसेसरवरही सुरळीत चालते. दुकानदार ‘आय७ आहे, सगळे चालेल’ असे म्हणाला, तर त्याला आकड्यातला पहिला अंक विचारावा आणि डीकोडचा आलेख दाखवायला सांगावा.